वॉरहॉल, व्हेल्व्हेट अंडरग्राउंड आणि त्यांचे माहितीपट : सुरुवात कुठून करायची?

पहिली पायरी स्वयंपाकघरात आहे. रात्री घर शांत झालं की फ्रिजपाशी जाऊन उभे राहा. कॉम्प्रेसर सुरू झाला की एक अखंड गुणगुण ऐकू येते. तिच्या सुरात सूर मिळवून तोंड मिटून 'म्' धरून बघा, निदान एक श्वासभर. (तेवढ्यात कुणी पाणी प्यायला आलं तर काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा.)

यात थट्टा नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्सहून न्यूयॉर्कला आलेला आणि पुढे व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडमध्ये वाजवणारा जॉन केल हा तरुण ला माँट यंग नावाच्या संगीतकाराच्या मंडळीत व्हायोला वाजवत असे. ही मंडळी एकच सूर तासन्‌तास धरून बसायची. सूर लावायचा कशाशी? तर विजेच्या ६० हर्ट्झच्या गुणगुणीशी, म्हणजे फ्रिजशी, कारण तिच्याइतकं स्थिर दुसरं काही नव्हतं. या बँडवरच्या टॉड हेन्सच्या २०२१च्या माहितीपटात केल हे स्वतः सांगतो. मी ते रात्री साडेबाराला हेडफोन न लावता बघत होतो आणि नेमका त्याच वेळी आमचा फ्रिज सुरू झाला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ६०ला ५०ने भागलं की गुणोत्तर येतं ६:५. म्हणजे आपल्या फ्रिजला षड्ज मानलं तर त्यांचा फ्रिज कोमल गंधारावर लागतो.

मराठी श्रोत्याला इथे जरा आयतं मिळतं, कारण मागे तंबोरा चालू असणं ही आपल्याला लहानपणापासूनची सवय. यंगलाही तंबोऱ्याने पकडलं होतं, १९५०च्या दशकात अली अकबर खाँ यांच्या एलपीवर. पुढे १९७०मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला आले आणि यंग रीतसर त्यांचा शागीर्द झाला. किराणा म्हणजे आपल्या ओळखीचंच घर : मिरजेचे अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व, भीमसेन जोशी. पण म्हणून या बँडच्या संगीताला कुणी 'भारतीय' म्हणू लागलं तर मान डोलवू नका. प्राणनाथ तिथे पोचण्याच्या दोन वर्षं आधीच केल बँडबाहेर गेला होता. नातं एवढंच, की धरून ठेवलेल्या सुराचा आपल्याला कंटाळा येत नाही. या माहितीपटांसाठी तेवढं भांडवल पुरतं.

एक कागद घ्या

सिनेमा लावण्याआधी कागदावर काही नावं आणि साल लिहा (कोण कोण ते पुढे येतंच). अँडी वॉरहॉल, मृत्यू १९८७. निको, १९८८. स्टर्लिंग मॉरिसन, १९९५. लू रीड, २०१३. त्याखाली जॉन केल आणि मो टकर. २०२१च्या माहितीपटात बोलायला हे दोघे होते. मग जो माहितीपट बघाल त्याचं साल वर लिहा आणि तेव्हा कोण हयात होतं ते बघा. या सगळ्या सिनेमांत कुणी ना कुणी गेलेल्या माणसाबद्दल बोलतंय आणि त्या माणसाला उत्तर देता येत नाहीये. हे एकदा लक्षात आलं की 'खरं काय झालं' यावर डोकं कमी शिणतं आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष जातं. नवख्यांना द्यायचा माझा मुख्य सल्ला हाच. बाकीचा लेख त्याचाच विस्तार आहे.

आता गोष्ट, थोडक्यात. वॉरहॉल पिट्सबर्गच्या कामगार वस्तीतला, १९२८चा जन्म. १९६२मध्ये त्याने सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली आणि पॉप आर्ट म्हणजे वॉरहॉल असं समीकरण झालं. पुढे त्याने चित्रांसाठी जे सिल्कस्क्रीन वापरलं, ते तंत्र आपल्याकडे लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापणाऱ्यांच्या रोजच्या हातातलं : जाळी ताणलेली चौकट, वर शाई, रबराच्या पट्टीने ओढायची. मॅनहॅटनमध्ये ४७व्या रस्त्यावर त्याचा स्टुडिओ होता, 'फॅक्टरी'. बिली नेम नावाच्या मित्राने तो आतून चंदेरी फॉइल आणि रंगाने मढवला होता. डिसेंबर १९६५मध्ये ग्रीनिच व्हिलेजमधल्या कॅफे बिझारमध्ये वॉरहॉलने द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा बँड ऐकला. रीड गाणी लिहायचा नि गायचा, केल व्हायोला आणि बास वाजवायचा, मॉरिसन गिटार, टकर ड्रम्स. वॉरहॉलने त्यांना फॅक्टरीत आणलं. वॉरहॉलचा सहकारी पॉल मॉरिसी याच्या आग्रहाने निको ही जर्मन मॉडेल-गायिका त्यांच्यासोबत उभी केली गेली. मार्च १९६७मध्ये केळ्याचं स्टिकर असलेली रेकॉर्ड आली. त्याच वर्षी रीडने वॉरहॉलला बाजूला केलं, १९६८मध्ये केलला, आणि १९७०मध्ये स्वतःच बाहेर पडला.

वॉरहॉल आणि बँड यांचा सहवास जेमतेम दीड वर्षाचा. त्यावर अजून माहितीपट निघतायत.

चार मिनिटं, आवाजाशिवाय

पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा बघण्याआधी वॉरहॉलचे दोन-तीन 'स्क्रीन टेस्ट' बघा. १९६४ ते १९६६ या काळात फॅक्टरीत येणाऱ्याजाणाऱ्यांना तो बोलेक्स कॅमेऱ्यासमोर बसवायचा. कॅमेरा तिकाटण्यावर, १०० फुटांचं १६ मिमीचं एक रीळ, आवाज नाही, संवाद नाही. हलू नका म्हणायचं आणि रीळ संपेपर्यंत चालू ठेवायचं. असे ४७२ आहेत. लू रीड कोकची बाटली घेऊन बसलाय तो एक बघा. ॲन ब्यूकॅनन या तरुणीचा १९६४चा अवश्य बघा. ती पापणी न लववता बघत राहते, डोळे भरून येतात आणि पाणी गालावरून ओघळतं. ना दुःख, ना अभिनय. बराच वेळ उघडा ठेवलेला डोळा जे करतो, तेच फक्त.

इथे एक तांत्रिक खोच आहे आणि मी स्वतः तिच्यात अनेक वर्षं अडकलो होतो. हे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चित्रित व्हायचं आणि मूकपटाच्या वेगाने, म्हणजे १६ चौकटींनी दाखवायचं असायचं. १०० फुटांत ४,००० चौकटी असतात. २४ने भागलं तर पावणेतीन मिनिटं, १६ने भागलं तर चार मिनिटं दहा सेकंद. ऑनलाइन मिळणारी प्रत पावणेतीन मिनिटांची असेल तर ती चुकीच्या वेगाची आहे. प्लेअरमध्ये वेग कमी करायची सोय असते. पाऊणपट करा, काम भागतं. मी बघितलेली सगळी चुकीची होती. 'यात एवढं काय' असं मी चारचौघांत ठासून सांगायचो. बरोबर वेगात बघितलं तेव्हा गप्प बसलो. पापणी मिटायला लागणारा वेळ लांबतो, समोरचा माणूस किंचित पाण्याखाली असल्यासारखा वाटतो आणि त्या चेहऱ्याला आपली लाज वाटते की आपल्याला त्याची, ते कळेनासं होतं.

वॉरहॉलने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आपले सिनेमे वितरणातून काढून घेतले. जतनाचं काम न्यूयॉर्कच्या संग्रहालयांनी पुढे हाती घेतलं, त्यामुळे चांगल्या प्रती बहुधा संग्रहालयांत किंवा महोत्सवांत दिसतात. परदेशात राहत असाल, पिट्सबर्गच्या जवळपास तर विशेषच, तर तिथल्या वॉरहॉल संग्रहालयात जा. मोठ्या पडद्यावर चेहरा आपल्यापेक्षा मोठा असतो, त्याने फार फरक पडतो.

कान तयार करणं

केळ्याची रेकॉर्ड एकदा, हेडफोन लावून, काम न करता. सगळी आवडलीच पाहिजे असं नाही. 'व्हीनस इन फर्स' आणि 'हेरॉइन' ही दोन गाणी मात्र दोनदा ऐका आणि शब्द सोडून मागची व्हायोला पकडा. फ्रिज आठवेल. टकरचे ड्रम्सही ऐका : ती बास ड्रम आडवा टाकून उभ्याने वाजवायची, झांजांचा खणखणाट जवळपास नाही, त्यामुळे तालाला ढोलासारखं वजन येतं. रेकॉर्डवर निर्माता म्हणून वॉरहॉलचं नाव आहे. त्याला ध्वनिमुद्रणातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तो खोलीत बसलेला असल्यामुळे बँडला कुणी 'हे असं नको' म्हणू धजलं नाही, असं रीड नंतर सांगत असे. निर्मात्याचं याहून चांगलं काम मला माहीत नाही.

टॉड हेन्सचा 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' (२०२१)

आता मुख्य जेवण. ॲपल टीव्हीवर आहे, दोन तासांचा. माझं ऐकाल तर दोन बैठकींत बघा आणि फोनवर बघू नका. पडद्याचे दोन, चार, कधी डझनभर तुकडे होतात आणि प्रत्येकात वेगळं काही चालू असतं. फोनवर त्याची टपाल तिकिटं होतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'मोशन स्मूथिंग' किंवा तत्सम नावाचं बटण असेल ते बंद करा. मी एकदा चार मित्रांना जमवून हा सिनेमा दाखवला तेव्हा ते चालू राहिलं आणि १६ मिमीची ती दाणेदार दृश्यं दुपारच्या मालिकेसारखी गुळगुळीत दिसली. पंधरा मिनिटं गेल्यावर एकाने विचारलं, 'हे परत शूट केलंय का?' आणखी एक सूचना : स्ट्रोबचा, म्हणजे भराभर उघडझाप होणाऱ्या दिव्यांचा, झगझगाट बराच आहे. अपस्मार किंवा अर्धशिशीचा त्रास असलेल्यांनी हा सिनेमा सरळ टाळावा. ड्रग्ज आणि लैंगिक विषय मोकळेपणाने येतात, तेव्हा मुलांना घेऊन बसू नका.

तुकडे पडलेल्या पडद्यावर नेमकं बघायचं काय? सगळं बघायचा प्रयत्न सोडा. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर आपण करतो तसं करा : एका ओळखीच्या चेहऱ्यावर नजर ठेवा, बाकीचं कडेने दिसू द्या. हेन्सने हे दिखाव्यासाठी केलेलं नाही. वॉरहॉलचा १९६६चा 'चेल्सी गर्ल्स' दोन प्रोजेक्टरवर शेजारी शेजारी दाखवला जायचा, तीच रीत इथे पुढे नेली आहे. रीड आणि केल यांची बालपणं सांगताना तर पडद्याच्या एका बाजूला त्यांचे स्क्रीन टेस्ट मिनिटंच्या मिनिटं चालू राहतात. एकीकडे आयुष्याची हकिकत, दुसरीकडे न बोलता आपल्याकडे बघणारा तोच माणूस. स्क्रीन टेस्ट आधी बघायला सांगितले ते यासाठी.

सुरुवात १९६३च्या एका टीव्ही कार्यक्रमाने होते. कोटातला तरुण केल बसलाय आणि त्याचं गुपित ओळखायचंय. गुपित असं, की फ्रेंच संगीतकार एरिक सातीची एक छोटी पियानो-रचना ८४० वेळा वाजवण्याच्या, १८ तासांहून जास्त चाललेल्या मैफलीत तो वादक होता. प्रेक्षक हसतात. दोन वर्षांनी हाच माणूस रॉक बँडमध्ये असतो.

हेन्सने एक नियम पाळला : जो तिथे हजर होता त्यालाच बोलावायचं. संगीतावर पुस्तकं लिहिणारे, मागाहून आलेले चाहते तारे, कुणी नाही. यामुळे सिनेमा आवळ होतो. केल, टकर, यंग, रीडची बहीण, फॅक्टरीतल्या बायका, आणि जोनास मेकस. हा लिथुआनियातून आलेला सिनेमावाला न्यूयॉर्कच्या सगळ्या प्रायोगिक चित्रपटांचा पालक होता. तो २०१९मध्ये गेला, सिनेमा त्याला अर्पण आहे. फॅक्टरीत बायकांना दिसण्यावरून तोललं जायचं, हेही इथे स्पष्ट बोललं जातं. मला सर्वांत जास्त आवडतो तो जोनाथन रिचमन. शाळकरी वयात बँडच्या मैफलींना साठ-सत्तर वेळा गेलेला पोरगा, आता म्हातारा, मांडीवर गिटार घेऊन ते आवाज कसे निघायचे ते वाजवून दाखवतो. कीर्तनकार रंगात येतो तसा.

आता कागद काढा. २०२१. रीड नाही, मॉरिसन नाही, निको नाही. केल आहे, आणि सिनेमा हळूहळू केलचा होत जातो. तो बँडबाहेर गेल्यावर पुढच्या दोन रेकॉर्डी सिनेमा घाईने उरकतो. तिसरी रेकॉर्ड ज्यांना सर्वांत प्रिय आहे (मी त्यातला), त्यांना हे झोंबतं. तरुणपणी रीडला उपचार म्हणून विजेचे झटके दिले गेले, त्याबद्दल तो स्वतः जे सांगत आला ते एक आणि इथे त्याची बहीण सांगते ते दुसरं. ती आईवडिलांची बाजू घेते. उत्तर द्यायला भाऊ नाही.

दोघे, रिकाम्या थिएटरात

हेन्सच्या सिनेमाचा कॅमेरामन एड लॅकमन. त्यानेच तीस वर्षं आधी 'साँग्ज फॉर ड्रेला' चित्रित केला होता. तासाभराचाही नाही, आणि मला विचाराल तर या सगळ्यात एकच बघायचा असेल तर तो हा.

पार्श्वभूमी अशी : वॉरहॉल फेब्रुवारी १९८७मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर अचानक गेला. १ एप्रिलला न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये स्मरणसभा झाली. तिथे रीड आणि केल भेटले. मधली कित्येक वर्षं दोघांत धड बोलणं नव्हतं. त्यातून वॉरहॉलच्या आयुष्यावरची गाण्यांची माळ तयार झाली. 'ड्रेला' हे फॅक्टरीतलं त्याचं टोपणनाव, ड्रॅक्युला आणि सिंड्रेला यांची सांधणी. ते त्याला आवडत नसे. डिसेंबर १९८९मध्ये ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकच्या रंगमंचावर लॅकमनने हे चित्रित केलं, प्रेक्षक न बसवता. ड्रम्स नाहीत. गिटार, पियानो-कीबोर्ड, व्हायोला आणि दोन माणसं.

हा बघताना शब्द समोर हवेत, इंग्रजी सबटायटल लावाच. बरीच गाणी वॉरहॉलच्या तोंडून आहेत, 'मी' म्हणजे वॉरहॉल. काही ठिकाणी मात्र गाणारा 'मी' रीड असतो. कोण बोलतंय ते ओळखणं हीच या सिनेमाची गोडी. 'वर्क' या गाण्यात वॉरहॉल विचारतो, किती गाणी लिहिलीस? रीड म्हणतो दहा. वॉरहॉल म्हणतो, आळशी आहेस, पंधरा का नाही? घरोघरी वडील मुलांना बोलतात तसंच. त्याच गाण्यात रीड त्याला काढून टाकतो आणि वॉरहॉल संतापून त्याला उंदीर म्हणतो, कारण त्याहून वाईट शिवी त्याला सुचत नाही.

मग 'अ ड्रीम'. केल गात नाही, वाचतो. वॉरहॉलच्या डायरीच्या बोलीत, सपाट, एकसुरी. रोजनिशी वॉरहॉल सकाळी फोनवरून पॅट हॅकेट या आपल्या मदतनीस बाईला सांगायचा. ती १९८९मध्ये छापून आली, आणि तिच्यात रीडबद्दल बोचरं लिहिलेलं होतं. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. लू आपल्याकडे बघतही नाही, मला त्याचा किती अभिमान वाटायचा, ही मेलेल्या मित्राची तक्रार केल वाचतोय आणि त्याच रंगमंचावर रीड ती ऐकतोय. ते शब्द गीतात आलेत तेही रीडच्या संमतीने. शेवटच्या गाण्यात रीड थेट अँडीशी बोलतो : तुझ्यासारख्या कल्पना किती दिवसांत ऐकल्या नाहीत, माझं चुकलं, आणि हो, तुझ्या डायरीने मला दुखावलं. माफी आणि कुरबूर एकाच श्वासात. तेराव्यानंतर घरात जी भांडणं होतात त्यांची ही जात आहे. पुढे १९९३मध्ये बँड युरोपच्या दौऱ्यापुरता पुन्हा एकत्र आला आणि पुन्हा फुटला. कारण पुन्हा हेच दोघे.

हा दाखवताना मी कुणालाही आधी काही समजावत नाही. फक्त एवढंच सांगतो, की वाजवणाऱ्याकडे बघू नका, ऐकणाऱ्याकडे बघा.

बाकीचे, भराभर

निकोसाठी सुझान ऑफ्टरिंगरचा 'निको आयकॉन' (१९९५). तासाभराचा, कडू. सौंदर्यामुळे ओळखलं जाण्याचा तिला किती कंटाळा होता ते कळतं. बघून झाल्यावर केलने सजवलेली तिची १९६८ची 'द मार्बल इंडेक्स' ऐका, आधी नको.

मेकसचा 'सीन्स फ्रॉम द लाइफ ऑफ अँडी वॉरहॉल' (१९९०) अर्ध्या तासाच्या आसपासचा, घरगुती रिळांसारखा लुकलुकणारा. १३ जानेवारी १९६६ला हॉटेल डेल्मोनिकोत मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेच्या मेजवानीत हा बँड वाजवायला बोलावला होता, त्याची क्षणचित्रं यात आहेत. सुटाबुटातले डॉक्टर आणि समोर हा गोंगाट.

रिक बर्न्सचा २००६चा वॉरहॉलपट चार तासांचा आहे. निवेदन लॉरी अँडरसनचं, म्हणजे रीडच्या पत्नीचं. चित्रकार वॉरहॉल समजून घ्यायला उत्तम, पण त्याने सुरुवात करू नका. मी तेच केलं होतं आणि दुसऱ्या तासाला झोपलो. नेटफ्लिक्सवरची 'द अँडी वॉरहॉल डायरीज' (२०२२, सहा भाग) मुख्यतः १९७०-८०च्या दशकांची, त्याच्या प्रेमांची आणि एकटेपणाची. तिच्यात डायरी वाचणारा वॉरहॉलचा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने बनवलेला आहे. केलच्या तोंडून 'अ ड्रीम' ऐकलं असेल तर दोन्हींची तुलना आपोआप होते. मला केलचा वॉरहॉल जास्त खरा वाटतो.

सर्वांत शेवटी

वॉरहॉलचा स्वतःचा 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको : अ सिंफनी ऑफ साउंड' (१९६६). हा पहिल्यांदा बघणारे दहाव्या मिनिटाला उठतात, म्हणून मी तो मागे ठेवलाय. ६७ मिनिटं, कृष्णधवल, फॅक्टरीतली तालीम. गाणं नाही, एकच लांबलचक वाजवणं. निको खुर्चीत डफलीसारखं काहीतरी घेऊन, पायाशी तिचा लहानगा मुलगा आरी. कॅमेरा मधेच झूम करतो, थरथरतो, भलत्याच कोपऱ्यात जातो. दिवा मंद करा, आवाज शेजारी सहन करतील तेवढा मोठा ठेवा, आणि गोष्ट शोधू नका. तो सूर धरून बसायचा.

शेजाऱ्यांचं मुद्दाम म्हटलं. शेवटाकडे आवाजाच्या तक्रारीवरून पोलीस फॅक्टरीत येतात. वाजवणं थांबतं. बरेच जण इथे सिनेमा बंद करतात. करू नका, कॅमेरा अजून चालू आहे. मंडळी चंदेरी भिंतींसमोर रेंगाळतायत, कुणी सिगारेट पेटवतंय, कुणी कुणाशी बोलतंय, आणि यातल्या कुणाचंही अजून कुणाशी बिनसलेलं नाही.